अर्धी गोळी

हे लिखाण बरेच महिने अडून होतं. डोळ्याचं ऑपरेशन झालं, पाहुणे होते, ही सगळी सांगायची कारणं. खरं म्हणजे ते लाजेनं अडलं होतं. पण परवा आमच्या धाकट्या जाऊबाईंचा फोन आला. "ताई, नातीला शाळेतून आल्यावर चक्कर येते म्हणते. तुमच्या त्या गोळीचं नाव सांगा ना, अर्धी देऊन पाहते." ते ऐकलं आणि ठरवलं, आता लिहायचंच. नातलगांपैकी काहीजण चिडतील. चिडू देत.

तर झालं असं. २०२५चा मे महिना. लेक आणि नातू पुण्याहून सुटीला आलेले. नातू तेव्हा ८ वर्षांचा. आमचं घर बर्डीवर, मोदी नंबरच्या गल्लीतलं, जुनं, जाड भिंतींचं. (बाहेरगावच्या मंडळींसाठी: सीताबर्डीला आम्ही नुसतं बर्डी म्हणतो, आणि बर्डीत नाही, बर्डीवर राहतो. टेकडीमुळे असावं.) लेक मेन रोडवर खरेदीला गेली होती. नातू कॅरम खेळता खेळता एकदम थांबला, दोन्ही हातांनी पाट घट्ट धरला आणि म्हणाला, "आजी, घर फिरतंय."

चेहरा पांढराफटक. दोनतीन मिनिटं तसाच बसला, मग उठून आंबा मागितला. संध्याकाळी पुन्हा तेच. आता माझ्याकडे चक्करचा अनुभव होता. दोन वर्षांपूर्वी मला चक्कर आली तेव्हा डॉक्टरांनी गोळी दिली होती, प्रोक्लोरपेराझिन. ५ दिवसांसाठी लिहून दिली होती, पाचाचे पाचशे दिवस मी केले. डबा उशाशीच असतो. लहान पोर म्हणून अर्धी दिली. रात्री अर्धी. सकाळी पुन्हा अर्धी. लेकीला सांगितलं नाही, उगाच घाबरेल म्हणून. (हे कारणही तेव्हाच सुचलेलं. ती नको म्हणाली असती, हे मला माहीत होतं.)

दुपारी पोराची मान एका बाजूला वळायला लागली. आधी वाटलं, चाळे करतोय. मग मान तशीच अडकली, डोळे वर चढले, जीभ बाहेर, बोलता येईना. शुद्ध पूर्ण होती, सगळं कळत होतं त्याला, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. शेजारच्या बाई म्हणाल्या, वारं गेलं. त्यांच्या सुनेला दुसरंच वाटलं, ती लिंबू आणायला धावली. आम्ही ऑटो करून धंतोलीत गेलो.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "घरात काही औषध दिलं होतं?" मी म्हणाले, "नाही."

३५ वर्षं शिकवलं. खरं बोला म्हणून किती पोरांना उभं केलं असेल, मोजदाद नाही. आणि त्या खुर्चीवर बसून मी चक्क खोटं बोलले. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे पुन्हा विचारलं, "आजी, चक्करची किंवा उलटीची कुठली गोळी घरात आहे का?" तेव्हा पिशवीतून डबा काढून टेबलावर ठेवला. लेक माझ्याकडे पाहत होती, ती नजर मी इथे लिहीत नाही. त्यांनी एक इंजेक्शन दिलं. अर्ध्या तासात मान सरळ झाली आणि पोरगं पहिलं वाक्य बोललं ते, "आजीला रागवू नका."

त्यांनी मला जे समजावलं ते नंतर मी पुस्तकांतून आणि पत्रकांतून ताडूनही पाहिलं, कारण बी.ए. मराठीच्या बाईला हे सगळं नवीनच होतं. मी जी साधी चक्करची गोळी समजत होते, ती फिनोथायझिन नावाच्या कुळातली. याच कुळातली औषधं गंभीर मानसिक आजारांत वापरतात. ती मेंदूतल्या डोपामिनचं काम अडवते, म्हणून उलटी आणि गरगर दबते. पण तेच डोपामिन स्नायूंची हालचालही सांभाळतं. ते अडलं की मान, जीभ, डोळे असे ओढले जातात, आणि मोठ्यांपेक्षा लहान मुलांत हे जास्त होतं. २ वर्षांच्या आतल्या किंवा ९ किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाला तर ही गोळी द्यायचीच नसते. उलटीसाठी घरोघरी असणारं मेटोक्लोप्रमाइड हेही असंच करू शकतं. युरोपातल्या औषध संस्थेने २०१३ मध्ये त्याच्यावर बंधनं घातली, १ वर्षाच्या आत तर नकोच म्हटलं.

बरं, दुसऱ्या गोळ्या? बीटाहिस्टिन, जी माझ्या वयाच्या प्रत्येक बाईच्या पर्समध्ये सापडेल, तिच्या माहितीपत्रकात १८ वर्षांखालच्यांसाठी शिफारस नाही, असं सरळ लिहिलेलं असतं. प्रवासात पोरं झोपावीत म्हणून जे प्रोमेथाझिन देतात, त्याच्यावर अमेरिकेत २००४ मध्ये सर्वांत कडक इशारा छापायला लावला: २ वर्षांखालच्या बाळाला देऊ नका, श्वास मंदावून जीव जाऊ शकतो. हे सगळं पाकिटातल्या त्या घडीच्या कागदावर असतं. तो कागद आपण फेकतो. मीही फेकला होता.

आता भांडणाचा मुद्दा. माझं भांडण गोळीशी नाही. ज्याला लागते त्याला ती लागतेच. भांडण आहे ते "चक्कर" या शब्दाशी, आणि हे भांडण करायचा अधिकार माझा आहे, कारण मी मराठीची बाई आहे.

आपल्या भाषेत या दुखण्याला किती शब्द होते बघा! माझी आजी घेरी म्हणायची. डोळ्यांपुढे अंधारी येते, भोवळ येते, गरगरतं, झोकांड्या जातात, तोल जातो, मळमळतं, गाडी लागते, डोकं हलकं होतं, पायाखालची जमीन सरकल्यासारखी वाटते. प्रत्येक शब्द वेगळा आणि प्रत्येकामागचं कारणही बहुतेक वेळा वेगळं. आता सगळ्यांना मिळून एकच शब्द उरला, चक्कर. आणि एक शब्द झाला की त्याला एक गोळी झाली. दुकानात जाऊन "चक्करवर काही द्या" म्हटलं की काम झालं.

ज्या पोराच्या डोळ्यांपुढे अंधारी येते त्याचं रक्त कमी असेल, पोट रिकामं असेल, पाणी कमी पडलं असेल, पटकन उभं राहिल्यावर रक्तदाब उतरत असेल. त्याला गरगर दाबणारी गोळी देऊन काय होणार? झोप येईल. ज्याला खरंच गरगरतं, म्हणजे घर फिरतं, त्याचं दुखणं कानाच्या आतल्या यंत्रणेत किंवा तिच्या मेंदूशी असलेल्या संबंधात असू शकतं. कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, त्यांत पाणी असतं. फुगडी घालून थांबल्यावर आपण थांबतो पण ते पाणी फिरत राहतं, म्हणून जग फिरतं. (व्हिएन्नात काम करणाऱ्या रॉबर्ट बारानी या डॉक्टरने कानात गार आणि गरम पाणी घालून ही यंत्रणा तपासायची युक्ती काढली, त्याला १९१४ चं नोबेल मिळालं. बातमी कळली तेव्हा तो रशियाच्या युद्धकैद्यांच्या छावणीत होता. वर्गात सांगायला छान गोष्ट होती, पण मला ती सत्तरीनंतर कळली.) आणि ज्याच्या चालताना झोकांड्या जातात, त्याचा प्रश्न आणखी वेगळा, त्याला तर एक दिवसही घरी ठेवू नये.

म्हणून मूल "चक्कर येते" म्हणालं की पहिलं औषध म्हणजे प्रश्न. "चक्कर म्हणजे काय होतं रे? घर फिरतं की अंधार होतो? बसल्यावर की उभं राहिल्यावर? किती वेळ? डोकं दुखतं? ऐकू कमी येतं? सकाळी काय खाल्लं?" यातला एकही प्रश्न मी नातवाला विचारला नाही. त्याने मात्र नेमका शब्द दिला होता मला, "घर फिरतंय." माझ्याच विषयाची परीक्षा होती ती आणि मी नापास.

शाळेतही आम्ही काय केलं? सकाळची शाळा, प्रार्थनेला रांगा, आणि मार्चपासून रोज एकदोन पोरी धाडकन खाली. आमच्याकडे मे महिन्यात काय ऊन असतं ते वेगळं सांगायला नको, २०१३ मध्ये ४७.९ अंशांपर्यंत गेलं होतं, पण या पोरी उन्हाआधीच पडायच्या. कांदा हुंगवा, तोंडावर पाणी मारा, वर्गात निजवा. एक शिक्षक म्हणायचे, नाटकं करतात, परीक्षा आली ना. स्टाफरूममधल्या डब्यात चक्करच्या गोळ्या असत, त्यातली एक द्यायची. आम्ही कुणी कधी विचारलं नाही की पोरी, काल रात्री जेवली होतीस का? एकदा विचारलं, तर रांगेत उभ्या सातवीच्या मुलींपैकी निम्म्या नुसता चहा पिऊन आलेल्या निघाल्या. काही तोही नाही.

त्याच पोरी देशाच्या आकड्यांत दिसतात. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९.१ टक्के रक्तक्षयाच्या निघाल्या. दहातल्या सहा! ५ वर्षांखालच्या बाळांत ६७.१ टक्के. आणि आपल्या विदर्भात सिकलसेलही आहे, त्याची रक्त तपासणी नुसत्या हिमोग्लोबिनपेक्षा वेगळी असते. सरकार शाळेत लोहाची गोळी देतं, लहानांना गुलाबी, १० ते १९ वयाच्यांना निळी, आठवड्यातून एकदा. ती निळी गोळी पोरी खिडकीतून फेकतात, कारण पोटात ढवळतं, आणि त्याच पोरींच्या आया दुकानातून चक्करची गोळी पैसे देऊन आणतात. हसावं की रडावं? जेवणानंतर घ्या म्हणून कुणी सांगितलं तर ढवळणंही कमी होतं.

आता एक गोष्ट, जिच्यामुळे मला अजूनही रात्री जाग येते. नव्वदच्या दशकात माझ्या वर्गात एक मुलगी होती, सहावीत. हुशार, अक्षर मोत्यासारखं. दिवाळीनंतर तिचं अक्षर बिघडलं. सकाळी सकाळी डोकं दुखायचं, उलटी व्हायची, मग दिवसभर बरी. चालताना बाकाला धडकायची, पोरी हसायच्या. आई म्हणाली, चक्करचं औषध चालू आहे बाई, उलटी जरा कमी आहे. मी म्हटलं, छान. दोन महिने असेच गेले. उलटी कमी होती, म्हणजे औषधाने आपलं काम केलं होतं! शेवटी मेडिकलला नेलं तेव्हा लहान मेंदूत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, जीव वाचला, वर्ष गेलं, आणि नजर पुन्हा पहिल्यासारखी झाली नाही. बिघडलेलं अक्षर मी रोज पाहत होते. लाल शाईने "अक्षर सुधारावे" असं लिहीत होते.

अशी गाठ क्वचितच निघते, हे मला डॉक्टरांनी दहादा सांगितलं. उगाच घाबरवायला मी हे लिहीत नाही. बहुतेक मुलांच्या चक्करमागे साधी कारणं असतात. पण ती गोष्ट मी टाळू शकत नाही, कारण गोळीने तक्रार बंद होते आणि तक्रार बंद झाली की आपण तपासणं थांबवतो. पळताना किंवा खेळताना शुद्ध हरपली, डोक्याला मार लागल्यावर गरगरलं, सकाळची डोकेदुखी आणि उलटी, चालण्यात फरक, ऐकू कमी येणं, ताप आणि मान ताठ, मध्येच नजर लागून हरवल्यासारखं होणं: यातलं काहीही असेल तर घरचा डबा उघडायचाच नाही, थेट दवाखाना.

काही मंडळी म्हणतील, बाई, डॉक्टरच तर लिहून देतात. देतात ना! उलट्या थांबत नसतील, पोर उभंच राहू शकत नसेल, तर वजन बघून, मोजून, दोनतीन दिवसांसाठी देतात. आणि तेवढ्यातच थांबवतात, यालाही कारण आहे. एका कानाची यंत्रणा बिघडली की मेंदू दुसऱ्या कानावर आणि डोळ्यांवर भिस्त ठेवून तोल पुन्हा शिकतो. गरगर दाबणारी गोळी रोज दिली की हे शिकणंच लांबतं. गृहपाठ दुसऱ्यानेच करून दिल्यासारखं. (माझं पाचशे दिवसांचं ऐकून डॉक्टरांनी मला तिथेच हात पुढे करायला लावले, थरथर बघायला. म्हाताऱ्यांना या गोळ्या वर्षानुवर्षं घेऊन कंपवातासारखा त्रास होतो म्हणे. माझी बंद झाली. चक्कर? ती केव्हाच गेली होती, मी सवयीने खात होते.)

ज्यांच्याकडे चिठ्ठी नाही त्यांचं काय? माझ्या गोळीच्या पाकिटावर छापलेलं होतं, नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये. दोन वर्षांत मला एकदाही कुणी चिठ्ठी मागितली नाही. उलट "काकू, तुमची नेहमीची" म्हणून पुडी तयार. मला ते आपुलकीचं वाटायचं. औषधं आणि प्रसाधनं कायदा १९४० सालचा, माझ्यापेक्षा वयाने मोठा. विकणारा तो मोडतो आणि घेणारी मी त्याला धन्यवाद देते.

त्याच २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात आपल्या नागपुरात काय झालं ते विसरलात? सव्वाशे किलोमीटरवरच्या छिंदवाड्याहून, परासियाकडून, मूत्रपिंडं बंद पडलेली लेकरं इथल्या इस्पितळांत येत होती. सर्दीखोकल्याचं कोल्ड्रिफ सिरप. तामिळनाडूच्या तपासणीत त्यात ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल निघालं, मर्यादा ०.१ टक्का. वीसहून अधिक लेकरं गेली. ती भेसळ होती, विष होतं. माझी गोळी शुद्ध होती, दोन्ही एकच असं मी म्हणत नाही. पण त्या बातम्या वाचताना माझे हात गार पडले, कारण आपोआप बऱ्या होणाऱ्या साध्या सर्दीसाठी आईबापांनी विश्वासाने पाजलेलं होतं ते. त्या सिरपमधल्या दोन औषधांची जोडी ४ वर्षांखाली देऊ नका, असं केंद्राच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्येच सांगून ठेवलं होतं. हा इशाराही कुठल्या तरी कागदावरच राहिला.

त्याच ऑक्टोबरात दुसरी बातमी होती, ती फारशा कुणी वाचली नाही. गोड पेयांच्या डब्यांवर "ओआरएस" लिहायला अन्न सुरक्षा प्राधिकरणाने मनाई केली. हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ बाई त्यासाठी कित्येक वर्षं एकट्या भांडत होत्या. उन्हाने अंधारी आलेल्या पोराला आपण हौसेने तो डबा पाजायचो, त्यात क्षार कमी आणि साखर भरमसाट. खरं ओआरएस पुडीतलं, किंवा मग घरी १ लिटर पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. एवढंच आहे ते. पण ते दिल्याने आपण काही केलं असं वाटत नाही ना!

चिखलदऱ्याच्या घाटाचं विचारणारे आहेतच. गाडी लागणं हे दुखणं नाही हो. डोळे सांगतात आपण स्थिर, कान सांगतो हलतोय, म्हणून मळमळतं. पोराच्या हातातला मोबाइल काढा, पुढे बसवा, लांबच्या झाडांकडे बघू द्या, खिडकी उघडा, निघताना तर्री-पोहे खाऊ घालू नका. तरीही नाहीच जमलं तर आपल्या डॉक्टरांना विचारून, त्या वयाचं, त्या वजनाचं. शेजारणीच्या पर्समधलं नाही.

नातवाचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. पुण्याला कान, ऐकणं, डोळे, सगळं तपासलं, सगळं व्यवस्थित. लहानपणी वारंवार येणारी गरगर, तपासून सांगितलं त्यांनी, अर्धशिशीच्या नात्यातली. त्याच बारानीच्या नावाची एक आंतरराष्ट्रीय संस्था आहे, तिने २०२१ मध्ये या दुखण्याच्या नव्या व्याख्या ठरवल्या. माझ्या लेकीला अर्धशिशी आहे, मला होती. म्हणजे पोराला ते माझ्याकडूनच गेलेलं, आणि वर गोळीही माझीच. बहुतेक मुलांत हे वाढत्या वयाबरोबर आपोआप जातं. गोळी नाही. वेळेवर झोप, उपाशी राहू द्यायचं नाही, पाणी, आणि एक वही. कधी आली, किती वेळ, आधी काय खाल्लं होतं. वही तो स्वतः लिहितो. अक्षर किरटं आहे, पण मी काही म्हणत नाही. मागच्या ४ महिन्यांत एकदाच नोंद आहे: "घर फिरलं. २ मिनिटं. आजीला सांगू नका, ती घाबरते."

ता.क. – धाकट्या जाऊबाई, गोळीचं नाव वर दिलं आहे, आता देऊ नका म्हणून दिलं आहे. नातीला घेऊन रविवारी बर्डीवर या. आधी तिच्याजवळ बसून तिचे शब्द विचारू, मग सोमवारी रक्त तपासायला मी येते सोबत.